मत नव्हे, हजेरी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं कृषी सेवा केंद्र आहे. वय ४४. खत कधी येणार, कुठल्या बियाण्याची उगवण कशी, पाऊस कुठवर आला हे गिऱ्हाइकांना कळावं म्हणून मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. आता त्यात चारशेच्या वर माणसं आहेत आणि आरक्षणाच्या वादापासून त्याचा आखाडा झालाय. आषाढात कुणीतरी मोर्चाचा व्हिडिओ टाकला. दुकानात गर्दी होती, मी अर्धाच पाहिला आणि त्यावर अंगठा टाकला. नंतर कळलं, शेवटी एक वक्ता दुसऱ्या समाजाला नको ते बोलला होता. माझा शाळेपासूनचा मित्र त्या समाजाचा, आणि याच ग्रुपमध्ये. तो काहीच बोलला नाही. श्रावणात दुकानात आला, खात्यावरची सगळी उधारी, ३१ हजार आणि वर काही, रोख मोजून दिली, पावती घेतली आणि गेला. पोळ्याला त्याचे बैल दरवर्षी आमच्या दारात येतात. यंदा वळले नाहीत. मी अंगठा काढून टाकला आणि तेव्हापासून गप्प आहे. आता माझी माणसं म्हणतात, ‘शेट पलटले.’ मुलगी पुण्यात शिकते, ती म्हणते, ‘बाबा, तुम्ही धंद्यासाठी गप्प बसता.’ गिऱ्हाईक काउंटरवर विचारतं, ‘तुम्ही कुणीकडून हाव ते एकदा सांगा की.’ धंदा करणाऱ्या माणसाला मत असू नये का? ठाम बोलावं, की ग्रुपच बंद करून टाकावा?

उत्तर:

तुमच्या पत्रात दोन्ही समाजांची नावं होती. ती मी गाळली. तुमची ओळख लपावी हे एक कारण. दुसरं असं की, वाचणाऱ्यानं ‘हा नेमका कोण आणि तो मित्र कोण’ एवढं आधी शोधलं असतं आणि ते कळलं की पुढचं वाचायची गरजच उरली नसती. (तुम्हालाही आत्ता ते शोधावंसं वाटलं असेल, तर वाचक मित्रहो, हे उत्तर तुमच्यासाठीही आहे.)

आता तुमच्या पत्राबद्दल एक गोष्ट. साडेतीन पानं तुम्ही मनापासून लिहिलीत. कुणी काय म्हटलं, कोण ग्रुप सोडून गेलं, कुणाचं गिऱ्हाईक तुटलं, सगळं आहे. पण ‘मला मत असू नये का’ असं पाच वेळा विचारणाऱ्या या पत्रात तुमचं मत काय आहे, ते एकदाही आलेलं नाही. आरक्षण कुणाला, कशातून, किती मिळावं, कुठला मार्ग तुम्हाला पटतो, कुठला पटत नाही, एक ओळसुद्धा नाही. मी परत परत शोधलं. तुम्ही लपवलंय असंही वाटलं नाही, कारण बाकी काहीच तुम्ही लपवलेलं नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी जे गृहीत आहे, तेच मला तपासावंसं वाटतं. तुम्ही समजता की तुम्ही मत मांडलंत आणि त्याची किंमत मोजताय. मला वाटतं, तुम्ही मत मांडलंच नाही. तुम्ही हजेरी दिलीत.

काउंटरवर कुणी ‘तुम्ही कुणीकडून हाव’ विचारतो, तेव्हा त्याला तुमचा विचार नको असतो. मास्तर नाव पुकारतात आणि पोरगं ‘हजर’ म्हणतं, तेवढंच त्याला हवं असतं. मोर्चाच्या व्हिडिओवर चाळीस अंगठे पडले की एक्केचाळिसावा का नाही पडला, हा हजेरीचाच हिशोब. तुम्ही अंगठा टाकलात, हजर. काढून घेतलात, गैरहजर. दोन्ही वेळा लोकांनी नोंद केली, आणि तुमच्या डोक्यात काय चाललंय हे दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही.

आपल्याकडे अंगठ्याला जुना अर्थ आहे, तुम्ही खातेवहीवाले, तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. वाचता न येणारा माणूस सावकाराच्या कागदावर अंगठा टेकवायचा. कागदात काय लिहिलंय ते त्याला नंतर कळायचं, जमीन गेल्यावर. त्याला वाचता येत नव्हतं म्हणून तो फसला. आपण शिकलेली माणसं, व्हिडिओ शेवटपर्यंत बघणं आपल्या हातात असताना न बघता अंगठा देतो. हे फक्त तुम्हाला म्हणत नाही. मी स्वतः एकदा नातेवाइकांच्या ग्रुपवर एका मृत्यूच्या बातमीवर अंगठा टाकलेला आहे. मेसेजची पहिली ओळ वाचली होती, ‘काकांची तब्येत.’

अंगठा किरकोळ वाटतो, तसा तो नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हाच्या बंदवर पालघरच्या एका तरुण मुलीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीनं फक्त लाइक केलं. अटक दोघींनाही झाली. पुढं त्या प्रकरणातून जी कायदेशीर लढाई उभी राहिली, तिच्यात सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ हे कलमच रद्द केलं. पोलिसांनी केलं ते चूक होतं. पण त्या चुकीच्या कारवाईतही पोलिसांनी एक गोष्ट ओळखली होती, ती तुमच्या मित्रानंही ओळखली: लाइकलाही अर्थ असतो.

मग हजेरी द्यायचीच नाही, असा अधिकार माणसाला आहे का? माझ्या मते आहे. आपल्या भाषेत ‘मत’ हा एकच शब्द दोन कामांना येतो, पेटीत टाकायचं तेही मत आणि मनात असतं तेही मत. पहिल्याला कायद्यानं पडदा दिलाय. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ९४ व्या कलमात स्पष्ट आहे की तू कुणाला मत दिलंस हे सांगायची सक्ती कुणावरही करता येत नाही, साक्षीदाराच्या पिंजऱ्यातसुद्धा नाही. न्यायाधीश ज्याची सक्ती करू शकत नाही, ती युरियाची पिशवी घ्यायला आलेला माणूस करू पाहतो. त्याला नम्रपणे नाही म्हणणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. तुम्ही सरकारी नोकर नाही, त्यामुळं १९७९ चे वर्तणूक नियम तुमच्या डोक्यावर नाहीत. बोलायला मोकळे आहात. पण मोकळं असणं म्हणजे बांधील असणं नव्हे.

इथवर वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल. जरा थांबा. तुमच्या मुलीचं म्हणणं मी अजून बाजूला ठेवलेलं नाही.

माझे वडील नांदेड जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षक होते. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात काय पेटलं ते त्या पिढीच्या माणसांना सांगायला नको. मी दहा वर्षांची होते. आमच्या गावातही दलित वस्तीतली घरं जळाली. वडील त्या रात्री दाराला आतून कडी लावून बसले होते. ते कुणाच्या विरोधात नव्हते. बाहेर पडले नाहीत, एवढंच. वस्तीतली काही कुटुंबं नातेवाइकांकडे गेली आणि परतली नाहीत. शाळा पुन्हा भरली तेव्हा त्यातली तीन मुलं हजेरीपटावर होती. वडील वर्ष संपेपर्यंत रोज ती तीन नावं पुकारायचे, थोडं थांबायचे आणि गैरहजर मांडायचे. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं, तोवर ते निवृत्त झाले होते. त्या दिवशी ते जेवताना एवढंच म्हणाले, ‘मला तवा कुणी मत इचारलं नव्हतं गं. कडी काढायची होती.’

म्हणून गप्प बसणं नेहमीच शहाणपण असतं, असं माझ्याकडून कुणी ऐकू नये. समोर कुणाला मारहाण होते, कुणाच्या दुकानावर बहिष्कार घालायचं ठरतं, कुणाच्या पोरीबाळींबद्दल घाण बोललं जातं, तेव्हा तुमचं मत कुणी मागत नसतं आणि नेमकं तेव्हाच ते लागतं. तुमच्या ग्रुपवर असा प्रसंग एकदा आला. त्या व्हिडिओच्या शेवटच्या मिनिटात आला. तुमच्या लेकीला तिच्या शब्दांत हेच म्हणायचं असावं, पण ती ‘धंद्यासाठी’ म्हणाली आणि तुम्हाला तेवढंच लागलं. तिला सांगा की बाजू घ्यायची राहिली याची खंत मला नाही, त्या वक्त्याला ‘हे बोलणं चूक आहे’ म्हणायचं राहिलं याची आहे. हे तुम्हाला खरंच वाटत असेल तरच सांगा. पुण्यात शिकणाऱ्या पोरींना खोटं लगेच कळतं.

आता मित्राकडे येते, कारण माझ्या मते पत्र खरं त्याच्याबद्दल आहे.

तुम्ही लिहिलंय, ‘श्रावणात आला, सगळी उधारी रोख दिली.’ हे वाक्य तुम्ही अपमान झाल्यासारखं लिहिलंय आणि पुढं गेलात. मी तिथंच अडकले. श्रावणात सोयाबीन शेतात उभं असतं. पेरणीत, खतात, फवारणीत सगळा पैसा मातीत गेलेला असतो, आणि काढणीला अजून दीड-दोन महिने असतात. म्हणून तर तुमच्याकडं खातं असतं आणि ते सुगीला मिटतं. अशा दिवसांत सोयाबीनवाल्या शेतकऱ्यानं ३१ हजार रोख कुठून आणले? घरातलं काही गहाण पडलं का? एखादं जनावर विकलं? खासगी कर्ज काढलं, महिन्याला तीन-चार टक्क्यांनी? तुम्ही हे विचारलेलं नाही. पत्रात नाही आणि, मला भीती वाटते, मनातही नाही.

उधारी ही आपल्या भागात नुसती देणी नसते. दुकानदार लिहून ठेवतो याचा अर्थ ‘तू पुढच्या सुगीलाही असशील आणि माझ्याकडंच येशील.’ ज्यानं ती एका दिवशी, सगळ्यात अडचणीच्या महिन्यात फेडली, त्यानं तुम्हाला पैसे दिले नाहीत, नातं परत केलं. आणि त्यासाठी त्यानं जो खड्डा केला असेल, तो तुमच्या एका अंगठ्यापायी. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा काढता येतो, पण तो खड्डा त्यानं बुजत नाही.

तेव्हा पहिलं काम हे. ग्रुपचं नंतर बघू. त्याच्याकडं जा. दुकानात बोलवू नका, काउंटरच्या अलीकडं तुम्ही आणि पलीकडं तो असं नको. शेतावर जा किंवा घरी जा, सकाळी. समजवायला जाऊ नका. ‘मी व्हिडिओ पूर्ण पाहिला नव्हता’ हे खरं असलं तरी ते पहिलं वाक्य नसावं, कारण ते वाक्य स्वतःसाठी असतं. ‘त्यात तुमच्याबद्दल जे बोललं गेलं ते मला चूक वाटतं आणि मी त्याला अंगठा दिला’ असं काहीतरी, तुमच्या बोलीत. मग गप्प बसा. तो चिडला तर चिडू द्या. आरक्षणावर तुमचं आणि त्याचं पटेलच असं नाही, आणि त्या दिवशी ते पटवायचंही नाही.

पैशाचं मात्र नाजूक आहे. ‘कशाला दिलेस, घे परत’ म्हणालात तर त्याचा दुसऱ्यांदा अपमान होईल. रब्बीच्या हरभऱ्याचं बियाणं, खत लागेलच त्याला. ‘खातं चालू आहे’ एवढं बोलून या. घेईल न घेईल, त्याची मर्जी.

आणि येळवशीपर्यंत थांबू नका. मला माहीत आहे, तुमच्या मनात तेच आलं असणार: मार्गशीर्षातली अमावस्या, कडब्याची कोप, पाच पांडवांची पूजा, सगळं गाव शेतात, आंबील आणि भज्जीला कुणी कुणाला नाही म्हणत नाही, तेव्हा आपोआप जमेल. लातूरकडचा माणूस सगळी भांडणं येळवशीवर ढकलतो. पण तोवर तीन महिने जातील, आणि एवढ्या दिवसांत न बोलण्याचीही सवय होते. आत्ता जाऊन आलात, तर येळवशीला त्याच्या शेतात जेवायला बसायची लाज वाटणार नाही.

ग्रुपबद्दल फार लांबण लावत नाही. बंद करू नका, लोकांना त्याचा उपयोग आहे. एक दिवस त्यावर लिहा की हा खत-बियाणं-पावसाचा ग्रुप आहे, आजपासून इथं तेवढंच, आणि सेटिंगमध्ये फक्त अ‍ॅडमिननं मेसेज टाकायची सोय आहे ती चालू करा. दोन-चार समजूतदार शेतकऱ्यांना अ‍ॅडमिन करा, त्यात दोन्हीकडचे घ्या. आठ दिवस ओरड होईल, मग लोक सोयाबीनचा भाव बघायला परत येतील. इतरांच्या पोस्टसाठी आपण तुरुंगात जाऊ अशी भीती बऱ्याच अ‍ॅडमिनना असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय की सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, त्यामागं सामायिक हेतू किंवा आधीचं संगनमत असावं लागतं. कायद्यानं तुम्ही सुटलात. पण ग्रुप तुम्ही काढलाय, अंगण तुमचं आहे. अंगणात कुणी कचरा टाकला तर झाडायला शेजाऱ्याला बोलवत नाहीत.

ज्या मेसेजवर दोन बाण दिसतात तो पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलेला असतो, एवढं घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत आलेल्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं, ती भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, बहुतेक आपल्या सोलापूरकडची माणसं होती. त्यांच्याआधी गावात पोरं पळवणाऱ्यांच्या अफवेचे मेसेज पोहोचले होते. ते पुढं पाठवणाऱ्या कुणालाही आपण खून करतोय असं वाटलं नसणार. त्यांनीही अर्धंच पाहिलेलं असणार.

आता राहिलं तुमचं मत. ते तुम्हाला असावं, आणि ते तुमचं असावं. टीव्हीवर चार चौकटींत चार माणसं ओरडतात, ते ऐकून होतं ते मत नसतं, नुसती धडधड असते. आमच्या लहानपणी औरंगाबादचा पेपर एसटीनं दुपारी यायचा, म्हणजे बातमी कळेपर्यंत राग अर्धा निवलेला असायचा. ती सोय आता नाही, ती आपली आपण करावी लागते. रात्रीच्या चर्चा महिनाभर बंद ठेवून बघा.

आणि मूळ कागद वाचा. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२१ मध्ये मराठा आरक्षणाचा आधीचा कायदा रद्द केला, १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा कायदा आला, जूनमध्ये वडीगोद्रीत ओबीसींचं उपोषण झालं. (अंतरवाली आणि वडीगोद्री एकाच अंबड तालुक्यात, हाकेच्या अंतरावर. एकच पाऊस, एकच कापूस. याकडं कुणी फारसं बघितलं नाही.) मग २ सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटिअरचा शासन निर्णय, म्हणजे निजामकाळातल्या नोंदींच्या आधारे मराठवाड्यातल्या मराठ्यांना कुणबी दाखला कसा द्यायचा त्याचा. तुमच्या ग्रुपवर त्यावरून शेकडो मेसेज आले असतील. तो निर्णय काही पानांचाच आहे, किती जणांनी वाचला? त्यात गावपातळीवरच्या समितीत ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी आहेत. यातला तिसरा माणूस तुमच्या दुकानात आठवड्यातून दोनदा येत असेल. प्रत्यक्षात अर्ज कसे येतात, काय पुरावे लागतात, कशात अडतं, त्याला विचारा. मग ज्यांना त्यातून आशा वाटते त्यांच्यातल्या एखाद्याशी बोला, आणि ज्यांना आपल्या ताटातलं जाईल अशी भीती वाटते त्यांच्यातल्याही एखाद्याशी. भीतीही खरी असते आणि आशाही. यानंतर जे बनेल ते कदाचित तुमच्याच माणसांना पूर्ण पटणार नाही, मित्रालाही नाही. ते चारशे जणांसमोर टाकायची घाई नको. दोन माणसांना तोंडावर सांगता आलं तरी पुष्कळ.

‘शेट पलटले’ म्हणणाऱ्यांना उत्तर देऊ नका. ज्या गावी गेलातच नाही, तिथून पलटणार कसे?

आणि उद्या काउंटरवर कुणी परत विचारलंच, ‘तुम्ही कुणीकडून हाव?’ तर स्टूल पुढं करा. म्हणा, ‘सांगतो की. बस, चहा सांगतो, पण मग तुझंबी ऐकणार मी, पूर्ण.’ बहुतेक जण घाईत असतात, युरिया घेऊन निघून जातील. एखादा बसेलही.

त्याच्यासाठी साखर जास्तीची आणून ठेवा.